तेल बसू द्यावं लागतं

गॅरेजमधून निघणाऱ्या काळ्या तेलाला आपल्याकडे सगळे जळकं तेल म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा समोर बसवून विचारावं असं मला फार वाटतं, की बाबा रे, ते जळलेलं असतं तर पुन्हा जळलं कसं असतं? तेल इंजिनात जळत नाही, मळतं. त्यात लोखंडाचा कीस येतो, काजळी येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी येतं. वापरलेलं तेल शुद्ध करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. पांढरा कोट घालून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची घाण तपासली. ड्रम भरलेला दिसावा म्हणून लोक त्यात काय काय ओततात ते मी पाहिलंय. रेडिएटरचं पाणी, थिनर, हॉटेलातलं तळणीचं तेल. एका ड्रमच्या तळातून तर चप्पल निघाली होती, तीही एकच. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची या तेलातून. पण एका सकाळी माझा मोठा भाऊ स्कूटरवरून पेढे घेऊन आला. वय पासष्ट, आणि तोंडावर दहावी पास झाल्याचा आनंद.

"ड्रायव्हर झालो," दादा म्हणाला. "वाफेच्या इंजिनावर."

"कुठं? स्वप्नात?"

"दौलताबादच्या रोडला. रिसॉर्ट हाय तिथं. तू पेढा खा आधी, मग बोल काय बोलायचं ते."

दादा रेल्वेत लागला तो मीटरगेजच्या काळात, इंजिनाच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून. क्लीनर म्हणजे इंजिन पुसणारा. पुसता पुसता फायरमन व्हायचं, कोळसा मारता मारता ड्रायव्हर व्हायचं, असा तिथला जिना होता. दादा पहिल्या पायरीवर असतानाच कुणीतरी जिनाच उचलून नेला. मीटरगेज उखडली, वाफेची इंजिनं भंगारात गेली, आणि दादा डिझेलच्या शेडमध्ये फिटरकी करून घरी आला. ड्रायव्हर म्हणून तो हातभरही इंजिन चालवू शकला नाही. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. फाटकात थांबलो की सगळे डबे मोजायचे, हा तेवढा इंजिनाकडे बघायचा आणि "ब्रेक उशिरा मारला" असं काहीतरी पुटपुटायचा. म्हणून मी पेढा खाल्ला.

आता त्या मालकाबद्दल. ज्यांची जमीन रस्त्याला लागली आणि जमिनीबरोबर अक्कलही रस्त्याला लागली, अशांपैकी तो एक. आधी त्याने लग्नाचं लॉन काढलं. मग लॉनच्या कडेला सिमेंटचा किल्ला बांधला. खरा देवगिरी तिथून मान वर केली की दिसतो, पण त्याला तिकीट लावणं याच्या हातात नव्हतं, म्हणून हा दुसरा. किल्ला झाल्यावर किल्ल्याभोवती झुकझुक गाडी हवी झाली. कुठल्यातरी बंद पडलेल्या साखर कारखान्यात उसाच्या वाघिणी ओढणारं एक छोटं इंजिन गंजत पडलं होतं. ते याने उचलून आणलं, हिरवा रंग फासला आणि कपाळावर पाटी लावली: 'कचऱ्यातून वाफ, वाफेतून आनंद'.

"कोळसा जाळला की लोकं नावं ठेवत्यात, मॅडम," पहिल्याच भेटीत त्याने मला समजावलं. "हे कसं, कचऱ्यावर चालतंय. ग्रीन ट्रेन. लोकं म्हणतील, काय डोकं लावलंय!"

मी म्हणाले, "हिरव्या रंगाची आहे म्हणून ग्रीन असेल तर बरोबर आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी कौतुक केलं.

तेलावर इंजिन चालवणं यात काही जादू नाही. भट्टीतली कोळशाची जाळी काढायची, आत भट्टीच्या विटा रचायच्या आणि समोर एक बर्नर बसवायचा. तेल बर्नरमधून ठिबकतं आणि वाफेच्या झोताने त्याचा फवारा होतो, लग्नात गुलाबदाणीतून पाहुण्यांवर शिंपडतात तसा. फवारा बारीक असला की ज्योत पिवळीधमक लागते. फवारा बिघडला की धूर. पहिल्या चाचणीला असा धूर निघाला की शेजारच्या लॉनवर हळदीला बसलेली नवरी पिवळी व्हायच्या ऐवजी करडी झाली. मालकाने तिच्या घरच्यांना सांगितलं, पर्यावरणासाठी थोडं सहन करावं लागतं. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बॉयलरसाठी परवान्याचा जो माणूस लागतो तो कागदावर होता. महिन्यातून एकदा यायचा, सही करायचा, चहा प्यायचा आणि इंजिनाकडे पाठ करून जायचा. बाकी सगळं दादावर.

तेल नीट नाही म्हणून दादाने मला बोलावलं, आणि दादासाठी मी गेले. मालकासाठी मी त्या रस्त्यानेही गेले नसते.

तेलात पाणी आहे की नाही हे बघायला यंत्रं असतात, पण सगळ्यात जुनी आणि खरी तपासणी तापलेल्या लोखंडाची. मी घरचा कडा उडालेला जुना तवा पिशवीत घालून न्यायचे. गॅसवर तवा चांगला तापवायचा आणि त्यावर तेलाचे दोन थेंब सोडायचे. तेल कोरडं असेल तर गुमान धूर सोडून सुकतं. पाणी असेल तर तडतडतं, मोहरी टाकल्यासारखं. नमुना मात्र ड्रमच्या तळातून घ्यायचा, कारण पाणी जड, ते खाली जाऊन बसतं. वरून तेल कसं काळंभोर, चकचकीत दिसतं. रिसॉर्टवरचे सगळे पुरुष झाकण काढून वरून बघायचे, बोट बुडवायचे, वास घ्यायचे आणि मान डोलवायचे. बोट बुडवून तेल कळत असतं तर मला एवढी वर्षं पगार कशाला दिला असता?

त्या सगळ्या कारभारात एकच माणूस अकलेचा भेटला, तो शहरातल्या छावणी भागातला तेलवाला. गॅरेजा-गॅरेजातून काळं तेल गोळा करणं हा त्याचा वडिलांपासूनचा धंदा. त्याच्याकडे ड्रम ओळीने उभे असायचे, प्रत्येकाच्या बुडाला नळ. आणलेलं तेल तो आठ दिवस हलवायचा नाही. मग नळ सोडून खालचं पाणी काढून टाकायचा, काळी धार लागेपर्यंत. त्याचं तेल माझ्या तव्यावर कधीच बोललं नाही.

"तेल को बैठने दो, आपा," तो म्हणायचा. "बैठा तो पानी अपने आप नीचे जाताय. ये मालक लोगां को बैठनाच नहीं आता."

सहा-सात आठवडे असं छान चाललं. छावणीचं तेल यायचं, मी तपासायचे, दादा इंजिन पेटवायचा. खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, हातात कापडाचा बोळा. खरं सांगते, इंजिनावर तो देखणा दिसायचा. शिट्टी वाजवली की माझ्याकडे बघायचा. मला हसू यायचं, आणि ते मी लपवायचे, कारण एकदा हसलं की माणसं डोक्यावर बसतात.

ती तशीही बसलीच. मालकाला रील काढायचा नाद. एकदा त्याने मोबाईल माझ्या तव्यावर धरला आणि म्हणाला, "मॅडम, दोन थालीपीठं पण टाका की!" सगळे खिदळले. तिथल्या गड्यांनी मला 'तवेवाली' नाव ठेवलं. मी मनाला लावून घेतलं नाही. गाढवांनी लाथ मारली म्हणून कुणी पोलिसांत जात नाही. पण उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात मालकाने स्वस्तात बाहेरून आणलेला एक ड्रम तडतडला आणि मी तो परत पाठवायला सांगितला. त्या दिवशी चाचणी रद्द झाली. मालकाने पाहुण्यांना बोलावून ठेवलं होतं, त्याचा पारा चढला. तो दादाला सगळ्यांसमोर म्हणाला, "ड्रायव्हर तुम्ही का तुमची बहीण?"

दादाचा चेहरा उतरला. मग तो माझ्याकडे वळला.

"तू घरी तवा बघ," तो म्हणाला. "इंजिन मी बघतो."

आणि तो हसला. मालकाकडे बघून हसला. एवढ्या वर्षांत दादा माझ्यावर रागावला होता, ओरडला होता, लहानपणी एकदा त्याने माझी वेणी खाटेला बांधली होती. पण दुसऱ्याला खूश करायला तो माझ्यावर कधी हसला नव्हता. ते मला लागलं. फार लागलं. परत येताना मी त्याच्या स्कूटरवर बसले नाही, रस्त्यावर उभी राहून काळी-पिवळी पकडली.

उद्घाटनाला मी गेले, कारण वहिनी घ्यायला आली होती आणि तिला कारण काय सांगणार? सकाळपासून तिथे जत्रा. इंजिनाला झेंडूच्या माळा, उघड्या डब्यांना फुगे, बायकांना फेटे, आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सगळे. कुणी एक पुढारी यायचे होते. आठवडाभराच्या चाचण्यांत छावणीचं तेल संपलं होतं आणि तेलवाल्याने निरोप दिला होता की पुढचं अजून बसतंय, चार दिवस थांबा. थांबेल तो मालक कसला? त्याने दुसऱ्याच कुणाकडून ड्रम उचलले. टेम्पो खड्ड्यांतून आदळत आला आणि ड्रम उतरले तसे इंजिनाच्या टाकीत रिकामे केले. एक ड्रम उरला होता.

सवय वाईट. मी पिशवीत तवा घेऊनच आले होते. किचनच्या मागे गॅस होता. उरलेल्या ड्रमच्या तळापर्यंत मी काचेची नळी घातली, वरचं टोक अंगठ्याने दाबून नमुना काढला, तव्यावर सोडला.

तडतडला. एकदा-दोनदा नाही, तवाभर उडाला. माझ्या हातावर थेंब आला, त्याचा डाग अजून आहे.

मी तवा हातात धरून इंजिनाकडे निघाले. सांगायलाच निघाले होते. दादा पायरीवर उभा होता, खाली मालक आणि चार पाहुणे. दादाने मला लांबून पाहिलं, तवा पाहिला, आणि मी तोंड उघडायच्या आत मोठ्याने म्हणाला, "आली बघा आमची तवेवाली!"

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली, बिचारीला काय कळणार!

मी तवा पुसला, पिशवीत ठेवला आणि मंडपातल्या खुर्चीवर जाऊन बसले. म्हटलं, कळू दे एकदा. विझू दे ज्योत सगळ्यांच्या देखत, थांबू दे गाडी, होऊ दे फजिती. उथळ पाण्याला खळखळाट फार, तर खळखळू दे. माझ्या मनात तेवढंच होतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. पण ज्योत विझल्यानंतर तापलेल्या विटांवर तेल पडलं की काय होतं, हे त्या आवारात नीट माहीत असलेली मी एकटीच होते.

भाषणं सुरू झाली. पुढाऱ्यांनी कचऱ्यावर भाषण केलं, मालकाने पुढाऱ्यांवर केलं, मग कुणीतरी मालकावर केलं. भाषणं एवढी लांबली की तेवढ्यात टाकीतलं तेल बसलं. आठ दिवस जे करायचं ते थोडंफार तिथेच झालं, फक्त खालचं पाणी काढून टाकायला कुणी नव्हतं. टाकीच्या तळाशी नळाच्या तोंडापर्यंत पाणी आलं असणार.

नारळ फुटला. दादाने शिट्टी दिली. गाडी निघाली, टाळ्या पडल्या, आणि शिट्टी वाजल्यावर दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पहिल्या वळणावर टाकी डचमळली आणि पाणी नळात शिरलं. धुराड्यातला आवाज एकदम बसला. ज्योत विझली होती. अशा वेळी तेल बंद करायचं, भट्टीतून हवा खेळू द्यायची, थांबायचं आणि मग नव्याने पेटवायचं. दादाला हा क्रम पाठ होता. मीच त्याला शिकवलं होतं आणि तो रोज तसंच करायचा. पण गाडी थांबायला लागली होती, मालक मोबाईल वर धरून पळत येत होता आणि ओरडत होता, "चालू करा, चालू करा, लाईव्ह चालू हाय!" दादाने तेल वाढवलं आणि आत बघायला भट्टीची झडप उघडली. तेवढ्यात पाणी संपून तेल आलं, लालभडक विटांवर पडलं, त्याची वाफ कोंडली आणि एकदम पेटली.

आवाज फार मोठा नव्हता. भप्प झालं, स्टोव्ह भडकल्यासारखं. झडपेतून ज्वाळेची जीभ बाहेर आली आणि परत आत गेली. दादाने तोंडावर हात घेतला. मग तोच हात खाली करून त्याने चाचपडत आधी तेलाचा कॉक बंद केला, ब्रेक लावला, आणि त्यानंतर खाली बसला. डब्यांत माणसं होती, त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

मी धावले तेव्हा त्याच्या भुवया नव्हत्या. उजव्या हाताची कातडी मनगटापाशी गोळा झाली होती.

मालकाने काय केलं ते सांगते. रुग्णवाहिका यायच्या आत त्याने इंजिनावरची पाटी काढून घेतली. रील उडवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला आणि "तांत्रिक बिघाड" हा शब्द एवढ्या वेळा बोलला की शेजारच्या पेशंटलाही पाठ झाला. आता ते इंजिन तिथेच उभं आहे. धुराड्यात बोगनवेल लावलीय आणि समोर उभं राहून लोक फोटो काढतात. गाडीपेक्षा फोटोला गर्दी जास्त असते असं ऐकलं. मला आश्चर्य वाटलं नाही.

छावणीचा तेलवालाही आला होता. दादाच्या खाटेशी स्टुलावर तासभर बसून राहिला. जाताना त्याने मला विचारलं, "आपा, तुमने देखा नहीं था क्या तेल?" मी म्हणाले, डॉक्टर बोलावताहेत, आणि आत गेले.

दादाचा हात वाचला, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. उजव्या डोळ्याने पुसट दिसतं. स्कूटर विकली. मी दर दुपारी त्याच्याकडे जाते, डोळ्यांत थेंब घालते, हाताला मलम चोळते. भेटायला येणाऱ्यांना तो एकच गोष्ट सांगतो. "माझ्या बहिणीनं बजावलं होतं. तेल खराब हाय म्हणून हात जोडून सांगितलं होतं. मीच मस्तीत ऐकलं नाय." लोक माझ्याकडे आदराने बघतात. मालकाचा मला जेवढा तिरस्कार आला नसेल तेवढा त्या वेळी त्या लोकांचा येतो, काही न विचारता मान डोलवणाऱ्यांचा.

मला वाटायचं, दादा हे माझी लाज राखायला बोलतो. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मला वाचवतोय. मग परवा थेंब घालताना तो डोळे मिटून म्हणाला,

"एक विचारू का गं? त्या दिवशीचं मला काय बी आठवत नाय. नारळ फोडला इथपर्यंत आठवतंय अंधुक. तू मला सांगितलं होतंस ना? का मीच आपलं बोलत सुटलोय?"

त्याच्या पापणीवर थेंब साचला होता. मी तो कापसाने टिपला.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"व्हय ना," दादा म्हणाला आणि निवांत झाला. "वाटलंच मला. तू सांगितल्याबिगर राहणारी नाहीस."